वर्षाला ३,००० टन, पंपाला मिली/मिनिट: मधलं गणित कुठे फसतं?

आंबापोळी, रत्नागिरी

रत्नागिरीजवळच्या एका आंबा पल्प युनिटसाठी दोन डोसिंग पंप ठरवायचे आहेत. एक सायट्रिक ॲसिडच्या द्रावणाचा, दुसरा पाण्यात हायपो (सोडियम हायपोक्लोराइट, क्लोरीनचं द्रावण) सोडायचा. पंपवाला एकच विचारतो: किती मिली/मिनिट? आणि इथे प्रत्येक कागदावर एकक निराळं.

प्रकल्प अहवालात क्षमता ३,००० टन पल्प प्रतिवर्ष. सायट्रिक किलोमागे ४ ग्रॅम, वजनाने ५० टक्के द्रावण करून. कारखान्याचं पाणी ताशी २० घनमीटर, त्यात क्लोरीन २ पीपीएम, हायपोच्या कॅनवर १० टक्के लिहिलेलं. पल्पर (फळातून गर काढणारं यंत्र) इटालियन आहे, त्याच्या पाटीवर फळाची क्षमता ४.८०० किग्रॅ/तास अशी कोरलेली आहे. ही छपाईची चूक धरून सोडून दिली आहे.

केलेलं गणित असं: ३,००० ÷ ३६५ ÷ २४ = ०.३४२ टन/तास, म्हणजे ३४२ किलो. त्यावर सायट्रिक १.३७ किलो/तास, द्रावण २.७४ किलो/तास, म्हणजे ताशी २.७४ लिटर, म्हणजे ४६ मिली/मिनिट. यावरून ताशी ६ लिटरचा पंप पुरेसा दिसतो.

हायपोचं उत्तर एकाच्या हिशेबाने ६.७ मिली/मिनिट येतं, दुसऱ्याच्या हिशेबाने ६७. दोघेही ठाम आहेत.

यातलं काय बरोबर? आणि वर्षाच्या टनांवरून सेकंदाच्या मिलिग्रॅमपर्यंत शून्यं न हरवता उतरायची एखादी ठरलेली वाट आहे का?

वाशिष्ठी, चिपळूण

तुमचा भागाकार बरोबर आहे, भागलं आहे ते वर्ष चुकीचं आहे.

कॅनिंगचा आंबा बारा महिने येत नाही. एप्रिलच्या मध्यावर सुरू होतो आणि जूनचा पाऊस लागला की संपतो. साठ दिवस धरा. दिवसाचे चोवीस तासही मिळत नाहीत. सीआयपीची (यंत्र न उघडता आतून करायची) धुलाई, क्रेटची अदलाबदल, पाळी बदलणं यात चारेक तास जातात. ६० × २० = १,२०० तास. ३,००० ÷ १,२०० = २.५ टन/तास. तुमच्या ०.३४२ च्या ७.३ पट.

आता ती पाटी. इटलीत, जर्मनीत टिंब हजार तोडायला वापरतात आणि दशांशाला स्वल्पविराम. ४.८०० म्हणजे चार हजार आठशे. तासाला पावणेपाच किलो फळ खाणारा पल्पर कोण कशाला बनवेल! हापूसमधून पल्पचा उतारा साधारण ५० ते ५५ टक्के पडतो. ५२ धरला तर ४,८०० × ०.५२ = २,४९६ किलो पल्प. म्हणजे हंगामाच्या तासांनी भागून आलेले २.५ टन आणि यंत्राच्या पाटीवरून आलेले २.५ टन जुळले. अशा दोन स्वतंत्र वाटा एका आकड्यावर भेटल्या तरच पुढे जायचं. तुमच्या बाबतीत त्या भेटत नव्हत्या आणि दोष पाटीला दिला गेला.

मग सायट्रिक: २,५०० किलो × ४ ग्रॅम = १० किलो/तास. द्रावण ५० टक्के, म्हणून २० किलो/तास. इथे दुसरी चूक आहे. तुम्ही किलोचे थेट लिटर केले. ५० टक्के सायट्रिकची घनता सुमारे १.२४ किलो/लिटर असते, तेव्हा २० ÷ १.२४ = १६.१ लिटर/तास, म्हणजे २६९ मिली/मिनिट.

४६ वर पंप लावला असता तर लागणाऱ्या ॲसिडच्या जेमतेम सहावा भाग गेला असता. हा नुसता चवीचा प्रश्न नाही. उकळत्या पाण्यातली प्रक्रिया पुरते ती पीएच ४.६ च्या खालच्या पदार्थांना. त्याच्या वर बोटुलिनमचे बीजाणू त्या तापमानाला मरत नाहीत आणि पुढे डब्यात वाढू शकतात. पल्प ४.० च्या आसपास किंवा खाली ठेवतात तो मधला फरक हाताशी राहावा म्हणून.

पंप निवडताना सरासरी आकडा स्ट्रोकच्या (पंपाच्या पूर्ण फेकीच्या) ४० ते ८० टक्क्यांमध्ये पडेल असा घ्या. ताशी २५ लिटरचा घेतला तर १६.१ म्हणजे ६४ टक्के. अढी (पिकायला रचलेले आंबे) एकदम पिकली की पल्पर सरासरीपेक्षा जोरात चालतो, तेव्हा वर जायला जागा हवी.

आणि तुमची लाइन सलग नसून केटलवर (एका वेळी एक घाणा शिजवायच्या भांड्यावर) असेल तर हे सगळं विसरा. ५०० किलोच्या केटलला २ किलो सायट्रिक तोलून टाकायचं. तिथे प्रवाह नाही, तराजू आहे. पुष्कळ छोट्या युनिटांत पंप निव्वळ हौसेने बसवलेला असतो.

टनभर, लोटे

वरच्या उत्तराला जोड देतो, कारण विचारलं आहे ते वाटेबद्दल.

मोठ्यातून लहानात एका उडीत जायचं नाही. मध्ये किग्रॅ/सेकंद हा थांबा घ्यायचा. आणि वरचं एकक व खालचं एकक एकाच वेळी बदलायचं नाही. आधी टनाचे किलो करा, वर्ष तसंच ठेवा. मग वर्षाचे सेकंद करा, किलो तसेच ठेवा. शेवटी किलोचे मिलिग्रॅम. शून्यं हरवतात ती दोन्ही हात एकदम हलवल्यामुळे.

पाठ ठेवायचे आकडे तीनच. १ किग्रॅ/से म्हणजे ताशी ३.६ टन, दिवसाला ८६.४ टन, आणि अखंड चाललेल्या वर्षाला ३१,५३६ टन. गंमत अशी की खाली उतरतानाही हेच तीन आकडे चालतात: १ मिग्रॅ/से म्हणजे ताशी ३.६ ग्रॅम, दिवसाला ८६.४ ग्रॅम, वर्षाला साडेएकतीस किलो. वर टन, खाली ग्रॅम. मधला अंक तोच. दिवसाला १ किलो म्हणजे ११.५७ मिग्रॅ/से, हेही यातूनच निघतं (१,००० ÷ ८६.४).

"प्रतिवर्ष" दिसलं की मात्र आधी विचारायचं, किती तासांचं वर्ष? लोटे, महाडच्या रासायनिक कारखान्यांत बहुधा ८,००० तास किंवा ३३० दिवस धरतात, कारण वार्षिक दुरुस्तीला प्लांट बंद असतो. १ लाख टन/वर्ष हा एकच आकडा ८,७६० तासांवर ११.४ टन/तास होतो, ८,००० वर १२.५, आणि ३३० दिवसांवर १२.६. मासळीवर चालणाऱ्या युनिटांत तर १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांच्या बंदीत कच्चा मालच येत नाही. तिथे ३६५ ने भागणं म्हणजे बंदीच्या दिवसांतही होड्या बाहेर काढण्यासारखं.

आता हायपो. पीपीएमसाठी (दहा लाखात एक भाग) एक सोपी खूण: ताशी १ टन प्रवाहाला १ पीपीएम म्हणजे ताशी १ ग्रॅम. कारण टनात दहा लाख ग्रॅम असतात. तुमचं पाणी ताशी २० घनमीटर, म्हणजे २० टन. २ पीपीएमला ४० ग्रॅम क्लोरीन/तास, म्हणजे ११.१ मिग्रॅ/से. १० टक्के हायपोत लिटरला १०० ग्रॅम क्लोरीन धरलं तर ०.४ लिटर/तास, म्हणजे ६.७ मिली/मिनिट.

६७ म्हणणाऱ्याने पीपीएम म्हणजे लाखात एक असं धरलं आहे. आपली मोजणी लाखावर थांबते आणि इंग्रजी मोजणी दहा लाखावर, तिथे हे बरोबर एका शून्याने फसतं. एक्सेलमध्येही तसंच. एका संगणकावर १२,५०,००० दिसतं, दुसऱ्यावर १,२५०,०००. स्वल्पविराम मोजून वाचणारा माणूस दहापट चुकतो. कामाच्या तक्त्यात स्वल्पविराम बंद ठेवावेत आणि एकक प्रत्येक स्तंभाच्या माथ्यावर लिहावं, शेजारच्या रकान्यात नव्हे.

अंजनवेल

थोडं विषयांतर, पण डिप्लोमाच्या अभ्यासाला उपयोगी. दाभोळच्या एलएनजी टर्मिनलची क्षमता ५ एमएमटीपीए लिहितात आणि कोयनेचं पाणी टीएमसीत मोजतात. हे दोन्ही किग्रॅ/सेकंदात आणायचे तर? एमएम म्हणजे मिलीमीटर नाही एवढं कळलंय.

वाशिष्ठी, चिपळूण

एम हे रोमन हजार. एमएम म्हणजे हजार गुणिले हजार, म्हणजे दहा लाख. ५ एमएमटीपीए म्हणजे वर्षाला ५० लाख टन. ५० लाख ÷ ३१,५३६ = १५८.५ किग्रॅ/से. ताशी ५७१ टन. एलएनजीची घनता सुमारे ४५० किलो/घनमीटर धरा, तर ताशी सुमारे १,२७० घनमीटर द्रव.

पण हीही अखंड वर्षाची सरासरी आहे. जहाज रिकामं होतं तेव्हाचा प्रवाह वेगळाच. ताशी १२,००० घनमीटर वेगाने उतरवलं तर १,५०० किग्रॅ/से होतात, सरासरीच्या साडेनऊ पट. दोन्हींच्या मधला फरक टाक्या झेलतात. दाभोळला लाटरोधक बांध पुरा नव्हता तोवर पावसाळ्यात जहाजं लागत नसत. म्हणजे पाटीवरची ५ एमएमटीपीए आणि प्रत्यक्षातलं वर्ष यांत पुन्हा तोच आंब्याच्या हंगामाचा प्रश्न.

गॅसवाले मात्र किलो बोलत नाहीत, एमएमएससीएमडी बोलतात: दिवसाला इतके दहा लाख प्रमाण घनमीटर. ठोकताळा म्हणून १ एमएमटीपीए म्हणजे ३.६ ते ३.७ एमएमएससीएमडी. नेमका आकडा वायूच्या मिश्रणावर ठरतो, म्हणून हिशेबाच्या कागदावर घनता लिहिल्याशिवाय ही अदलाबदल करू नये.

कोयना: १ टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, २.८३१७ कोटी घनमीटर. कृष्णा लवादाने कोयनेतून पश्चिमेकडे वळवायला दिलेलं पाणी ६७.५ टीएमसी. ६७.५ × २.८३१७ = १९१.१ कोटी घनमीटर. ३.१५३६ कोटी सेकंदांनी भागा: ६०.६ घनमीटर/से, म्हणजे ६०,६०० किग्रॅ/से. वीज तयार झाल्यावर हेच पाणी आमच्या वाशिष्ठीला मिळतं. पण तेही सरासरीच. चौथ्या टप्प्याचे १,००० मेगावॅट एकदम चालले तर सुमारे ५०० मीटर उंचीवरून, ९० टक्के कार्यक्षमता धरून, २२५ घनमीटर/सेकंदाच्या आसपास पाणी लागतं. नदीकाठच्या माणसाला सरासरीचा काही उपयोग नाही. त्याला संध्याकाळी किती सोडतात ते हवं.

वरच्या हायपोच्या ११.१ मिग्रॅ/सेकंदाशी ताडून बघा. दोन्हींतलं अंतर सुमारे ५४५ कोटी पटींचं आहे, आणि तरी दोन्ही आकडे त्याच तीन गुणकांनी निघाले.

काजूबी, वेंगुर्ला

ह्या बघा, सगळ्यांनी तासांवर बोट ठेवलं, टनावर कोणी ठेवलं नाही. आधी टन कसले ते विचारा!

मेट्रिक टन १,००० किलो. अमेरिकी शॉर्ट टन ९०७.२ किलो. जुना इंग्रजी लाँग टन १,०१६ किलो. मेट्रिक आणि लाँग यांतला दीड टक्का कोणाच्या लक्षात येत नाही, शॉर्टमधला नऊ टक्के येतो, पण तो माल पोचल्यावर. "एमटी" हे अक्षर तर सगळ्यात घातक. आपल्याकडच्या बिलात एमटी म्हणजे मेट्रिक टन. कंपनीच्या अहवालात एमटी म्हणजे दशलक्ष टन. दोन्ही कागद एकाच फाइलीत असतात.

काजूत पौंड अजून सुटलेला नाही. निर्यातीचा डबा २५ पौंडांचा, ११.३४ किलो. अमेरिकी बनावटीच्या यंत्रावर पौंड/तास दिसला तर ०.४५३६ ने गुणून किलो/तास, किंवा १,००० पौंड/तास म्हणजे १२६ ग्रॅम/से एवढं ध्यानात ठेवा. आणि त्या पाटीवर "एम पौंड/तास" असेल तर तिथे एम म्हणजे हजार, दशलक्ष नव्हे. कित्याक? तेच रोमन आकडे. वाफेच्या जुन्या अमेरिकी तक्त्यांत हे सर्रास आहे.

ओलावा हा तिसरा. रेडीच्या खनिजासारखा माल पट्ट्यावरून जातो तेव्हा बेल्टचा काटा ओलं वजन दाखवतो. ८ टक्के ओलावा असेल तर ताशी १,००० टनात ९२० टनच सुका माल. बेल्टचं गणित तसं सोपं: मीटरमागे किती किलो गुणिले मीटर/सेकंद, की थेट किग्रॅ/से. मीटरला ५० किलो आणि वेग २ मीटर/से म्हणजे १०० किग्रॅ/से, ३.६ ने गुणलं की ताशी ३६० टन.

लहान बाजूची एक गोष्ट. डब्यात नायट्रोजन मारतात तेव्हा रोटामीटर (वायूचा प्रवाह दाखवणारी नळी) लिटर/मिनिट दाखवतो. त्याचे ग्रॅम करताना तापमान विचारा. ० अंशाच्या प्रमाण स्थितीला नायट्रोजन लिटरला १.२५ ग्रॅम, २० अंशाला १.१६५. मिनिटाला १० लिटर म्हणजे एकदा १२.५ ग्रॅम आणि एकदा ११.६५. जवळजवळ ७ टक्क्यांचा फरक, आणि दोन्ही पुरवठादार आपापल्या आकड्याला "प्रमाण लिटर"च म्हणतात. एससीसीएम (मिनिटाला इतके प्रमाण घन सेंटिमीटर) लिहिलेल्या लहान मीटरचंही तसंच: नायट्रोजनचा १ एससीसीएम ० अंशाला मिनिटाला १.२५ मिलिग्रॅम. दुसरा वायू असेल तर आकडा बदलतो, कारण एकक घनफळाचं असून मोजणी वस्तुमानाची असते.

आंबापोळी, रत्नागिरी

पाटीचं टिंब आणि हंगामाचे तास, दोन्ही दुरुस्त केलं. लाइन सलग आहे, त्यामुळे सायट्रिकचा पंप ताशी २५ लिटरचा.

उरलेल्या शंका तीन. हायपोच्या कॅनवरचे १० टक्के वजनाने की घनफळाने? पल्पच्या नळीवर चुंबकीय फ्लोमीटर आहे, त्यावर टन/तास दिसतं, ते विश्वासाचं का? आणि बॉयलर १ टीपीएचचा (टन प्रतितास) आहे. पल्प गरम करायला वाफ ताशी ९५० किलो लागते, म्हणजे भागायला हवं ना?

बॉयलरघर, महाड

उलट्या क्रमाने घेतो, कारण बॉयलरचं उत्तर "नाही" आहे.

बॉयलरच्या पाटीवरचा १ टीपीएच बहुतेक वेळा "एफ अँड ए १००" (फ्रॉम अँड ॲट १००) असतो. म्हणजे १०० अंशाचं पाणी घेऊन १०० अंशाचीच वाफ केली तर ताशी १,००० किलो. त्याला किलोमागे २,२५७ किलोज्यूल लागतात. तुम्ही ६० अंशाचं पाणी घालून १० बार गेज दाबाची वाफ काढणार असाल तर किलोमागे सुमारे २,५३० लागतात. १,००० × २,२५७ ÷ २,५३० = ८९२ किलो/तास. फीड टाकी गरम नसेल आणि पाणी ३० अंशाचं असेल तर ८५० च. तुम्हाला ९५० हवेत. एकक तेच, टन/तास, पण दोन्ही टन एकाच वाफेचे नाहीत. कंडेन्सेट (वाफ थंड होऊन झालेलं गरम पाणी) परत आणून पाणी ९० अंशावर नेलंत तर आकडा ९३९ पर्यंत चढेल, तरी तूट राहतेच. त्यामुळे एक तर मोठा बॉयलर, नाही तर हीटरची मागणी पुन्हा तपासा.

चुंबकीय मीटर घनफळ मोजतो. टन/तास दिसतं ते आत कोणीतरी भरलेल्या घनतेने गुणून. कारखान्यातून येताना ती १.००० असते आणि तशीच राहते. १६ ते १८ ब्रिक्सच्या (विरघळलेल्या साखरेचे टक्के) पल्पची घनता १.०७ च्या आसपास, म्हणजे मीटर साडेसहा टक्के कमी दाखवणार. २.५ टन पल्प म्हणजे २.३४ घनमीटर. मीटर २.३४ टन म्हणेल आणि त्यावर चालणारा सायट्रिकचा पंप तेवढाच कमी सोडेल. घनता भरा, किंवा सरळ वजन मोजणारा कोरिऑलिस मीटर बसवा. तो महाग आहे.

हायपो. आपल्या बाजारात बहुधा घनफळाने टक्के सांगतात, म्हणजे १० टक्के म्हणजे लिटरला १०० ग्रॅम उपलब्ध क्लोरीन. वजनाने असेल तर घनता १.१५ धरून ११५ ग्रॅम. पुरवठादाराच्या चाचणी-पत्रावर ते लिहिलेलं असतं. पण खरं सांगायचं तर हा १५ टक्क्यांचा वाद फार वेळ करण्यासारखा नाही, कारण कोकणातल्या एप्रिल-मेच्या उकाड्यात हायपोची ताकद कॅनमध्येच उतरत जाते. पत्र्याच्या शेडखाली, उन्हात ठेवलेला कॅन तर फारच लवकर उतरतो. सावलीत ठेवा, दोन आठवड्यांहून जास्त साठा करू नका आणि आयोडीन-थायोसल्फेटची टायट्रेशन (क्लोरीनची ताकद मोजायची चाचणी) दर आठवड्याला करा. ८ टक्के निघाला तर ४० ग्रॅमसाठी ०.५ लिटर/तास, म्हणजे ८.३ मिली/मिनिट. शेवटी नळावरचं उरलेलं क्लोरीन मोजून पंप लावायचा, ६.७ हा सुरुवातीचा आकडा.

पंपावरही नुसता भरवसा नको. स्ट्रोकचे टक्के आणि मिली हे नातं कारखान्यात पाण्यावर, ठरावीक दाबाला काढलेलं असतं. ओढीच्या बाजूला मोजनळी जोडा आणि घड्याळ लावा. ६.७ मिली/मिनिट असेल तर एक मिनिट मोजू नका, रेघ वाचतानाच अर्ध्या मिलीची चूक होते. दहा मिनिटं मोजा, ६७ मिली उतरले पाहिजेत. हायपो वायू सोडतो, त्यामुळे पंपाच्या डोक्यात बुडबुडा अडकतो. स्ट्रोक टकटक चालू आणि मोजनळीची पातळी जागच्या जागी. पंप टाकीच्या खालच्या पातळीला बसवा आणि हवा काढायचा व्हॉल्व असलेलाच घ्या. सायट्रिकच्या बाजूचा रोग वेगळा: पाळी संपल्यावर व्हॉल्वच्या बैठकीवर स्फटिक धरतात आणि दुसऱ्या दिवशी व्हॉल्व नीट बसत नाही. बंद करताना दोन मिनिटं साधं पाणी ओढायचं.

टनभर, लोटे

पीएलसी (यंत्रं चालवणारा छोटा औद्योगिक संगणक) असेल तर अजून दोन जागा बघून घ्या.

४-२० मिलिअँपिअरची (मीटरकडून पीएलसीला जाणाऱ्या सिग्नलची) पट्टी मीटरमध्ये ०-५,००० किलो/तास आणि पीएलसीत ०-५ टन/तास अशी भरलेली असेल तर पडद्यावर आकडा ठीक दिसतो, पण त्यावर लिहिलेला ४ ग्रॅम/किलोचा गुणक हजारपट चुकतो. दोन्हीकडे किलोच ठेवा. तसंच टोटलायझर (एकूण प्रवाहाची बेरीज ठेवणारा मोजक) दर सेकंदाला बेरीज करत असेल तर किलो/तासला आधी ३,६०० ने भागलंय ना ते बघा.

दुसरी जागा जास्त फसवी. पीएलसीतली ३२ बिटांची दशांश संख्या जेमतेम सात अंक धरते. १,६७,७७,२१६ च्या वर गेली की तिला एकचीसुद्धा भर कळत नाही. टोटलायझर ग्रॅममध्ये ठेवलात तर २.५ टन/तासाला ६९४ ग्रॅम/सेकंदाची भर पडते. पावणेसात तासांत ती सीमा येते आणि पुढे प्रत्येक बेरीज दोन-दोन, मग चार-चार ग्रॅमच्या पायरीने गोल होत जाते. पल्पला ते खपून जाईल. पण सेकंदाला ११ मिलिग्रॅमचा क्लोरीनचा हिशेब त्याच साच्यात किलोमध्ये ठेवलात तर प्रत्येक भर ०.००००१११ ची, आणि एकूण बेरीज काही शे किलोवर गेली की ती भर मिळवूनही आकडा जागचा हलत नाही. अलार्म काही येत नाही.

उपाय साधा आहे: सेकंदाची भर लहान टोटलायझरमध्ये ग्रॅमने घ्या, दर तासाला ती मोठ्या टोटलायझरमध्ये किलोने ओता आणि लहान शून्यावर आणा. मोठा ३२ बिटांचा पूर्णांक ठेवलात तर अजून बरं, फक्त तेव्हा एकक किलो न ठेवता ग्रॅम ठेवा, नाहीतर ताशी ४० ग्रॅमचा प्रत्येक हप्ता शून्य किलो म्हणून कापला जाईल. ग्रॅममध्ये हा पूर्णांक २१४ कोटीपर्यंत जातो, म्हणजे २,१४७ टन. हायपोला जन्मभर पुरेल, पल्पचा ३,००० टनांचा हंगाम मात्र त्यात मावणार नाही. पल्पचा टोटलायझर किलोतच ठेवा.